शिधा मंडळाचा, मीठ चंचलचं

सुरतेच्या बमरोलीत कुणालाही विचारा, तापीकाठ लोकगीत मंडळाचे अध्यक्ष कोण? डोकं खाजवतील. पण मंडळाचे पाहुणे कलाकार जेवतात कुठे, एवढं विचारून बघा. शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला चंचलच्या दारापर्यंत आणून सोडेल आणि वर सांगेल, आज भरीत आहे, वेळेवर आलात!

मंडळ तसं जुनं. खानदेशातून सुरतेला कापडाच्या लूमवर आलेल्या पाच-सात जणांनी एका ढोलकीवर सुरू केलेलं, आणि बघता बघता वीस-बावीस वर्षं झाली. महिन्यातून एक बैठक आणि बैठकीला बाहेरगावचा एक तरी पाहुणा कलाकार, हा नेम. प्लेगच्या वर्षी निम्मं सुरत बोचकी बांधून पळालं तेव्हा एक बैठक चुकली. तिची हळहळ मंडळी अशी करतात, जणू प्लेगानं दुसरं काही नुकसान केलंच नाही!

चंचलचा नवरा भिकन हा मंडळाचा ढोलकीवाला. लूमच्या खडखडाटात उभं राहून राहून त्याचे कान निम्मे गेलेले, पण ढोलकीवर हात पडला की एक मात्रा इकडची तिकडे नाही. स्वभावानं मात्र गरीब गाय. घरातली सगळी धमक देवानं बायकोच्या वाट्याला घातली होती. चंचल बोलायला लागली की अख्ख्या चाळीला कळायचं, आज कुणाची कानउघाडणी चालली आहे. आणि तीच चंचल, पाहुणा दारात आला की अशी काही लगबग करायची की तिला बघूनच पाहुण्याचा प्रवासाचा शीण जावा.

मंडळाचे सेक्रेटरी सुधाकरराव, मूळचे साताऱ्याकडचे, बँकेत नोकरीला. माणूस सोन्यासारखा, पण नियमांचा भारी शौकीन. कुणा एका घरावर पाहुण्यांचा भार नको म्हणून त्यांनी नियम घालून दिला होता की शिधा मंडळाचा आणि हात चंचलवहिनींचे. त्यामुळे बैठकीच्या आदल्या दिवशी पीठ, डाळ, तेल, मिरच्या, भाजी असं सगळं चंचलकडे येऊन पडायचं. ताटं-वाट्यासुद्धा मंडळाच्या, त्यांवर मंडळाचं नाव कोरलेलं.

पाहुणे तरी काय एकेक नग! एक भारूडवाले बुवा सकाळी सकाळी लुगडं नेसून सार्वजनिक नळावर तालीम करायला गेले, तर पाण्याच्या नंबरावरून बायकांनी त्यांना चांगलं झापलं. बुवांनीही बाईच्या आवाजात असं भांडण केलं की नंबर पहिला लावून आले. एकदा 'वही म्हणणारे' यायचे होते. खानदेशात वही म्हणजे डफावर गाऊन सांगायची लांबलचक गोष्ट. हे सुधाकररावांना कुठलं ठाऊक! त्यांनी स्टेजवर टेबल, खुर्ची आणि वाचायला दिवा मांडून ठेवला. वहीवाले आले, त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि दिव्यावरच डफ शेकून घेतले. सुधाकरराव आजही त्या गोष्टीवर स्वतःच सगळ्यात आधी हसतात.

अशी चंचल. कुठकुठल्या जिल्ह्यांतली माणसं तिच्या हातचं खाऊन तृप्त होऊन गेली. फक्त एक माणूस तिच्या घरी कधी जेवलं नव्हतं, आणि ती होती तिची सख्खी आई.

कलाबाई राहायची साक्रीजवळच्या एका खेड्यात. बाई जुन्या वळणाची. लेक एकदा दिली की तिला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबापांनी घ्यायचं नाही, ही तिकडची रीत, आणि कलाबाईनं ती घट्ट धरलेली. चंचलच्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती. दवाखाने झाले, नवस झाले, मूल झालं नाही. मध्ये एकदा सुरतेच्या पर्वत पाटिया भागात नात्यातल्या लग्नासाठी कलाबाई आली, तेव्हा लेकीचं घर बघून जायला म्हणून दारापर्यंतही आली. चंचलनं पाण्याचा तांब्या पुढे केला. कलाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि तशीच कोरड्या घशानं परत गेली. त्या दिवशी चंचलला जे लागलं ते फार लागलं. मूल नाही म्हणून सासरचं कुणी तिला कधी बोललं नाही. पण तो नाकारलेला तांब्या तिला रोज बोलत होता.

शहाण्णव सालची गोष्ट. मार्गशीर्षातल्या बैठकीचा पाहुणा ऐनवेळी आजारी पडला आणि सुधाकरराव हवालदिल होऊन भिकनकडे आले. "लग्नातली गाणी म्हणणारं कुणी मिळेल का हो तुमच्याकडचं?"

चंचल भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मंडळाचा पाहुणा मंडळाचं अन्न खातो. लेकीचं नाही! एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं आपल्या टाळक्यात कशी शिरली नाही, असं तिला झालं.

"माझी आई आहे ना," ती म्हणाली.

"त्या गातात?"

"गातात? अहो, आमच्या गावात तिच्या गाण्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही!"

भिकनचा चेहरा पडला. "आणि ढोलकी मी वाजवायची? सासूपुढे?"

"मग काय मी वाजवू?" चंचल म्हणाली, आणि ठरलं.

निरोप गेला. उलट निरोप आला तो असा: कलाकार म्हणून बोलावत असाल तर येते, लेकीकडे म्हणून नाही. आणि फळ्यावर नाव मोठ्या अक्षरात पाहिजे. सुधाकररावांनी ताबडतोब फळा रंगवायला दिला.

बैठकीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं कलाबाई उधना स्टेशनवर उतरली. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि जावयानं पिशवी घ्यायला हात पुढे केला तर "कलाकारनं सामान कलाकारजोडेच ऱ्हास," म्हणून तिनं ती दिली नाही. दारात आल्यावर थांबली. "हाई घर कोनं शे?"

भिकनला आदल्या दिवसापासून पढवून ठेवलं होतं. "मंडळानं पाहुण्यांसाठी ठरवलेली जागा आहे, मामी."

"आनि पानी?"

"माठ मंडळाचा. पेला मंडळाचा. हे बघा, नाव."

कलाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पेल्यावरची अक्षरं बोटानं चाचपली, भिकनकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि मग घटाघटा पाणी प्यायली. आत उभी चंचल पदर तोंडात धरून बघत होती. आईच्या घशातून पाणी खाली उतरताना बघून तिला भरून आलं.

दुपारी पंगत बसली. कलाबाई, भिकन आणि स्वागताला आलेले सुधाकरराव. चंचलनं जीव ओतून स्वयंपाक केला होता. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, झणझणीत डाळ, वर कांद्याची पात. रीतीप्रमाणे ताटात आधी मीठ वाढलं, मग बाकीचं. कलाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, आणि तिची नजर ताटाच्या कडेला गेली.

"हाई मीठ कोनं शे?"

शिध्यात सगळं आलं होतं, अगदी हळद-हिंगासकट. पण मीठ कोण पाठवतो! इतक्या वर्षांत कधी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. भिकन भिंतीकडे बघायला लागला. सुधाकरराव उठूनच उभे राहिले. "मी आत्ता आणतो मंडळाच्या नावानं."

"बसा हो," चंचल म्हणाली. "भरतात पडलंय, डाळीत पडलंय. ते काय आता वेचून काढणार?" मग आईकडे वळून तिनं सरळ सांगून टाकलं, "मनं शे, माय. मना घरनं."

कलाबाईनं तुकडा ताटात परत ठेवला. चंचलला वाटलं, संपलं. आता ही उठणार. दहा वर्षांचा राग तिच्या ओठांवर आला. सुधाकररावांसमोर नको म्हणून तिनं तो गिळला आणि उलथनं घट्ट धरून उभी राहिली.

कलाबाई उठली मात्र नाही. तिनं सुधाकररावांना विचारलं, "भाऊ, तुमना कलाकार आधी गातस का आधी खातस?"

"आं? तसं काही... म्हणजे, गाण्याबद्दल मान म्हणून जेवण. नियम म्हणाल तर तोच."

"मंग मी आधी गास."

आणि तिथंच, पाटावर बसल्या बसल्या, समोर वाफाळतं भरीत असताना, कलाबाईनं आवाज लावला. खणखणीत, मांडवभर जाणारा आवाज, एवढ्याशा खोलीत मावेना.

"तापीबाई तुनं पानी कथा जास धावत,
मनी आंडेर तठे शे भाकर वाढत..."

तापीचं पाणी धावत कुठे जातं, तर आंडेर भाकर वाढते तिथं; आणि आंडेर म्हणजे लेक, हे सुधाकररावांना कुणी सांगावं लागलं नाही. चंचल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती ती तशीच खाली बसली. गाणं संपल्यावर कलाबाईनं हात धुतले आणि जाहीर केलं, "आते हाई मीठ आंडेरनं नही. मनी कमाईनं शे. वाढ!" आणि दोन भाकऱ्या हाणल्या.

संध्याकाळची बैठक तर तिनं लुटलीच. हळदीची गाणी झाली, विहिणींना चिडवायची झाली. सासूच्या धाकानं भिकन ढोलकीवर नुसती बोटं फिरवत होता, तर भर गाण्यात थांबून ती म्हणाली, "जवाईबुवा, जोरमा वाजाडा! ढोलकी शे ती, सासू नही." लोक हसून हसून लोळले. त्यानंतर मात्र भिकननं असा ठेका धरला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी जायची ती कलाबाई राहिली. शेजारणी सोडेनात. ओडिया, गुजराती, सगळ्या येऊन बसायला लागल्या, शब्द कळोत न कळोत. मंडळाचा शिधा तर केव्हाच संपला होता, आता सगळंच चंचलच्या घरचं. पण कलाबाईचा हिशेब पक्का. ताट समोर आलं की आधी गाणं, मग घास. चहाला कडवं, जेवणाला अख्खं गाणं. भिकन भुकेनं कळवळायचा. "मामी, लहान गाणं नाही का एखादं?" आणि नेमकं तेव्हाच ती सोळा कडव्यांचं काढायची.

चंचल हसायची, वाढायची. आई घरात आहे, आपल्या हातचं खाते आहे, याचा आनंद होताच. पण मनात एक बोचत राहिलं होतं. ही जेवते ती पाहुणी कलाकार म्हणून. आपली आई म्हणून नाही. आपण तिला लेक आहोत की मंडळ? एकदा तर ती भिकनला म्हणालीही, "माझ्यावरही नाव कोरून घेते आता, ताटावर आहे तसं."

असे आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी कलाबाई अंघोळ करून स्टोपाशी येऊन बसली. गावाकडची कुठली तरी खमंग बातमी तिला आठवली होती: भावकीतल्या कुणी म्हैस विकत घेतली, घरी आणल्यावर कळलं की ती त्यांनीच मागच्या वर्षी विकलेली. सांगता सांगता ती स्वतःच हसत होती. चंचलनं तव्यावरची भाकरी ताटात टाकली, वर चटणी घातली. कलाबाईनं बोलता बोलता तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला.

चंचलचा हात पिठात तसाच राहिला. भिकन समोर बसला होता. चंचलनं डोळे वटारले, पण त्या भोळ्या माणसाला कळेल तर शपथ.

"मामी," तो म्हणाला, "गाणं राहिलं."

कलाबाईचं चावणं थांबलं. तिनं ताटाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"गानं काय पयी जास का?" कलाबाई म्हणाली. "भाकर गार व्हई जाई." तिनं दुसरा तुकडा मोडला, बोटांनी दाबून पाहिला आणि ताट लेकीपुढे सरकवलं. "आनि हाई भाकर कच्ची शे. धाकलपनपासून तुनी हाईच खोड, तव्यावरून घाईमा काढस."

इतकी वर्षं एवढे पाहुणे येऊन जेवून गेले, पण कुणीही चंचलच्या भाकरीला नाव ठेवलं नव्हतं. तिला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पिठाच्या हातांनी ते पुसता पुसता तोंड पांढरं झालं.

"रडाले काय झायं? भाकर शेक!" कलाबाई ओरडली.

चंचलनं भाकरी परत तव्यावर टाकली आणि आई पुरे म्हणेपर्यंत शेकत राहिली.