पडवळ नावाचा बोकड

माझ्या धाकट्या साडूइतका अस्वस्थ माणूस मुलुंडपासून अंधेरीपर्यंत शोधूनही सापडणार नाही. जेवायला बसला तर आमटी वाढेपर्यंत तीनदा उठतो. घाटकोपरला आमच्याकडे आला की चपला काढायच्या आधी कुंडीतल्या तुळशीची माती उकरून बघतो आणि तिला आम्ही उपाशी मारतोय, असं माझ्या बायकोला सुनावतो. मुरबाडकडची घरची जमीन सेंद्रिय करायला घेतली, तेव्हा शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवलेलं पिंप त्याने प्रयोग म्हणून मुलुंडच्या सोसायटीत जिन्याखाली ठेवलं. वास तिसऱ्या मजल्यावर पोचला तसे सेक्रेटरी खाली आले. याने त्यांच्याच हातात काठी दिली आणि एकाच दिशेने ढवळा म्हणून बजावलं.

दर रविवारी त्याची भाजी आमच्याकडे यायची. पालकाची भोकं पडलेली पानं तो कौतुकाने दाखवायचा. "भाऊ, किड्यांनी पास केलंय." पण औषध मारायचं नाही म्हणजे तण हाताने उपटायचं. मजूर मिळेनात आणि वाफ्यात वाकून वाकून मेव्हणीची पाठ धरली. तिने स्पष्ट सांगितलं, आणखी एक वर्ष बघू, नाहीतर जमीन विकू. तेव्हा आयुष्यात अंडंही न खाल्लेल्या या माणसाने भाजी बंद करून बोकड आणले. बकरी ईदच्या आधी ते देवनारच्या बाजारात विकायचे होते. त्यांना नावं दिली ती बंद केलेल्या भाज्यांची: दुधी, मुळा, पडवळ. विकायच्या जनावराला नाव देऊ नये, असं मी म्हटलं, तर म्हणाला, मग हाक कशी मारू?

देवनारला मीही गेलो होतो. गिऱ्हाईक आलं की हा बोकडाचं वजन सोडून स्वभाव सांगायचा, वर घरी सावली आहे का, ते विचारायचा. शेवटी एकाने मला बाजूला घेतलं. "इनको बेचना है ना?" तरी संध्याकाळपर्यंत सगळे विकले गेले. पडवळ सर्वांत शेवटी, कुर्ल्याच्या एका चाचांकडे. जमीन वाचली. त्याने मेव्हणीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हा आमच्याकडे चहा घेत असताना चाचांचा फोन आला. "भाई, ये तो कुछ खाताच नहीं." कप तसाच ठेवून हा उठला, मीही मागोमाग निघालो. चाचांच्या इमारतीच्या आवारात पडवळपुढे पाला जमिनीवर पसरला होता. याने दोरी मागून घेतली, पाल्याची जुडी बांधली आणि बोकडाच्या तोंडाच्या उंचीवर टांगली. पडवळ लगेच खायला लागला. चाचा म्हणाले, ईदपर्यंत रोज येत जा. आणि हा खरंच रोज गेला, मुलुंडहून जुडी घेऊन.

ईदच्या सकाळी मात्र तो आमच्या दारात उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. माझ्या बायकोची नजर त्याच्या पिशवीकडे गेली. आत ताजी जुडी होती.

"सवयीने बांधली गेली," तो म्हणाला.