घोड्यांच्या पायातल्या पट्ट्या

दुपारची भाकरी आणि वर पेलाभर ताक. एवढं झाल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात पंखासुद्धा पेंगतो, मग हेमांगीनेच काय पाप केलंय? दुरुस्ती विभागाच्या लांब टेबलावर ती डोकं टेकते. समोर घोड्यांची पोथी उघडी आहे. दोन महिने झाले, नुसती उघडीच आहे.

घोड्यांच्या आजारांवरची जुनी पोथी, पानोपानी रंगवलेले घोडे. चौगुलेअण्णांनी मरणापूर्वी शेवटची दुरुस्त केली ती हीच. फाटल्या जागी त्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि कसर लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत मोरचुदाचं विष घातलं, अगदी सढळ हाताने. तेव्हा सगळेच घालायचे. पण रोगापेक्षा औषध जालीम निघालं. पट्ट्यांखालचा कागद आता तपकिरी पडून तुटायला लागलाय. पट्ट्या ठेवल्या तर घोडे जातील, काढल्या तर अण्णांचं शेवटचं काम जाईल. ज्यांनी तिला ब्रश धरायला शिकवलं, त्यांचंच काम पुसायला हेमांगीचा हात धजत नाही.

डोळे मिटतात न मिटतात तोच मैदा शिजल्याचा वास येतो.

“खळीत गुठळ्या झाल्यात.”

अण्णा स्टोव्हपाशी उभे राहून पातेलं ढवळताहेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तर मेल्यावरही गेलेली नाही. दुसऱ्याच्या खळीत गुठळ्या सापडल्याशिवाय त्यांना कधी चैनच पडलं नाही.

हेमांगीला केवढा आनंद होतो.

“अण्णा, तुम्ही तर गेलात ना?”

“गेलोय की. तू का बसलीस?” ते बोट बुडवून खळ चाटतात.

“अहो, मोरचूद आहे त्यात.”

“आता काय हुतंय मला?” अण्णा हसतात. “हयातभर नुसता वास घेतला. चव बघायची राहिली हुती.”

“कशी आहे?”

“बेक्कार. असलं मी घोड्यास्नी लावलं व्हय गं?”

टेबल आता नदीचा घाट आहे. गुडघाभर पाण्यात पोथीतले घोडे ओळीने उभे आहेत, एक निळा, एक शेंदरी, एक पोट फुगलेला. सगळ्यांच्या पायांना अण्णांच्या पट्ट्या. हेमांगीही पाण्यात आहे, चपला हातात घेऊन.

“सोड की,” अण्णा म्हणतात.

“तुमच्या हातच्या आहेत.”

“म्हणूनच सांगतोय. पाण्यानं सुटंल अशीच खळ मी जन्मभर शिजवली. का? पक्का डिंक मिळत नव्हता व्हय? मागनं कुणीतरी शहाणं येईल, त्याला सोडवता यावं म्हणून. तू आलीस, आन् बसलीस रडत.”

“मी रडत नव्हते.”

“मग काय दोन महिनं झोपली हुतीस?”

हेमांगीला हसू आवरत नाही. दोघं निळ्या घोड्याच्या पायाशी वाकतात.

“ओढू नगंस. भिजू दे. कागद सोडतो म्हणला की मगच.”

पट्टी अलगद सुटते. घोडा पाय झटकतो आणि अण्णांना नखशिखांत भिजवतो. अण्णा पोट धरून हसतात.

घाट आता ग्रंथालयाचा जिना आहे. ‘शांतता राखा’ पाटीखालून घोडे टापा वाजवत वर चाललेत आणि ग्रंथपालबाई बाजूला सरून त्यांना वाट देताहेत. अण्णा फुगल्या पोटाच्या घोड्यावर बसलेत.

“याला जरा फिरवून आणतो. पोट उतरंल.”

“परत याल ना?”

“बघू. तू खळ तेवढी गाळून घे.”

हेमांगी जागी होते. समोर निळा घोडा आहे, पण त्याच्या मागच्या पायावर पट्टी नाही. ती तिच्या तळहातावर आहे, अखंड आणि ओली. पाण्याची वाटी तर कपाटात पालथीच आहे.

ती पट्टी उजेडात धरते. मागच्या बाजूला, जुन्या खळीत, अंगठ्याचा रुंद ठसा स्पष्ट उमटलाय. एवढी वर्षं तो पट्टीखालीच झाकलेला होता. हेमांगी ती पट्टी टीपकागदावर जपून ठेवते, आणि पुढच्या घोड्यासाठी वाटी भरायला उठते.