तांदळातलं नाव

गाडी पार्क झाली तरी जयदीपने इंजिन बंद केलं नाही. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ कडेला काळपट होऊन साचलेला, आणि आत हा बाबा घरापासून तेच तेच घोकून घेत होता.

"ऐक यामिनी. नावाचं काही निघालं तर यामिनी एके यामिनी. जास्तीचं बोलायचं नाही. ही इमिग्रेशनवाली माणसं साध्या गोष्टीचा गुंता करतात."

"आणि खोटं पकडलं तर?"

"खोटं कुठाय त्यात? रीत आहे ती आपल्याकडची."

रीत! आता ही रीत काय ते सांगायलाच हवं. ही यामिनी म्हणजे मूळची नागपूरची स्वप्नाली. शाळेत स्वप्नाली, कॉलेजात स्वप्नाली, डिग्रीवर स्वप्नाली. लग्नात नवऱ्याने, म्हणजे या जयदीपनेच, ताटातल्या तांदळावर अंगठीने 'यामिनी' असं लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि चांगली शिकलीसवरलेली स्वप्नाली तिथल्या तिथे संपली. तिला विचारलं कुणी? छे! नाव सासूबाईंनी, सुनंदाबाईंनी, आधीच पक्कं केलेलं. तोवर पासपोर्ट काढलेला नव्हता, तो पहिल्यांदा निघाला तोच यामिनी नावाने. त्याच नावाने जयदीपने तिला स्पॉन्सर केलं, त्याच नावाने ती परदेशात वॉटर्लूला आली आणि पीआर, म्हणजे तिथली कायमची रहिवासी, झाली. पुढे नागरिकत्वाचा अर्जही त्यानेच भरला. 'इतर कोणतं नाव कधी होतं का?' या प्रश्नापुढे बिनदिक्कत 'नाही' लिहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. हिने सही केली. नवऱ्याने भरलेले कागद वाचत बसायची घरात पद्धत नव्हती.

सुनंदाबाई त्यांच्याकडेच राहत. नागपूरहून आईचा फोन आला आणि तिने "स्वप्नाली आहे का?" विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "या नावाचं इथे कुणी राहत नाही हो विहीणबाई!" आणि वर हसायचं. चेष्टा हो, नुसती चेष्टा. पण आई पलीकडून फोन ठेवून द्यायची.

गेल्या वर्षी लेकीच्या, ईशिताच्या, वेळी आई बाळंतपणाला येणार होती. डिंकाचे लाडू बांधून तयार, आणि व्हिसा नाकारला गेला. म्हणे, मुलीशी नातं सिद्ध होत नाही. सख्ख्या आईचं! स्वप्नाली तेव्हा ढसाढसा रडली. जयदीप म्हणाला, "नशीब आपलं. पुन्हा अप्लाय करू." तो विषय मग राहूनच गेला.

आज नागरिकत्वाची लेखी परीक्षा होती. ती बरी गेली. मग एकेकाला कागदपत्रं तपासायला आत बोलवायला लागले. जयदीपने खबरदारी म्हणून तिच्या पिशवीत काय काय कोंबलं होतं! बिलं, भाड्याचा करार, अगदी लग्नाचा अल्बमसुद्धा. लग्न खरं आहे हे दाखवायला कधीही लागेल म्हणे.

आत पिकल्या केसांच्या एक अधिकारी बाई बसल्या होत्या. पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, सगळं सुरळीत चाललं होतं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांची नजर अडली.

"तुमच्या घरी कोण कोण राहतं?" त्यांनी इंग्रजीतून विचारलं.

"नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी."

"मग स्वप्नाली कोण?"

यामिनी एके यामिनी, जयदीपची घोकंपट्टी तिला आठवली.

"गेल्या वर्षी नागपूरच्या एका बाईंनी व्हिसासाठी अर्ज केला होता," बाई म्हणाल्या. "पत्ता तुमचाच. जावई म्हणून तुमच्या नवऱ्याचं नाव. मुलगी मात्र स्वप्नाली. या नावाची बाई त्या पत्त्यावर आमच्या नोंदीत नाही. तुमच्या नवऱ्याने नक्की कुणाशी लग्न केलं आहे?"

अगं आई गं! म्हणजे आईला व्हिसा नाकारला तो यापायी होय?

बाईंनी स्वतःच वाट काढून दिली. "घरी हाक मारायचं नाव आहे का? टोपणनाव?"

हो म्हटलं की सुटली! जयदीपही हेच म्हणाला असता. पण आईने त्या अर्जावर सही करून सगळं खरं असल्याचं लिहून दिलं होतं. टोपणनाव म्हणावं, तर आई खोटी ठरणार. लेकीचं नाव लिहिलं म्हणून खोटी! पुन्हा तिला इथे कोण येऊ देणार?

"नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता. "ते माझं खरं नाव आहे. जन्मापासूनचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग अर्जात 'नाही' का लिहिलंत? चुकीच्या माहितीवर अर्ज फेटाळला जातो, माहीत आहे ना? इथे राहायची परवानगीही तुम्हाला याच नावावर मिळाली आहे. तीही तपासावी लागेल."

ईशिताचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिने पिशवीतून अल्बम ओढून काढला आणि एक फोटो पुढे केला. ताट, तांदूळ, जयदीपचा अंगठी धरलेला हात. शेजारी हसणाऱ्या सुनंदाबाई. मागे आई उभी होती. सगळे ताटाकडे बघत होते, आई तेवढी लेकीकडे.

"हे तांदळावर लिहिलंय ना, ते यामिनी. या दिवसापासून मी यामिनी. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात."

बाईंनी फोटो बराच वेळ निरखला. "नाव कुणी निवडलं?"

"सासूबाईंनी."

"तुम्हाला आवडलं होतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी, अगदी कुणीही विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

बाईंनी अर्ज तिच्यापुढे ठेवला. चूक खोडून, खरं लिहून तिथे सही करायला सांगितलं. "जन्माचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आणून द्या. निर्णय त्यानंतर. काय होईल ते आज सांगता येणार नाही. पण विचारल्यावर तुम्ही खरं सांगितलंत, एवढं मी लिहून ठेवते."

'नाही' खोडून तिने स्वतःच्या हाताने 'स्वप्नाली' लिहिलं.

गाडीत बसते न बसते तोच जयदीपने विचारलं, "झालं ना? नावाचं काही निघालं नाही ना?"

"निघालं. मी सांगून टाकलं."

"अगं, वेड लागलंय का तुला? सगळं घालवून बसशील!"

"जाईलही कदाचित." तिला भीती वाटत होतीच, पण आवाज आता कापत नव्हता. "आईला व्हिसा का मिळाला नाही ते कळलं मला. तिने खरं लिहिलं होतं जयदीप. खोटं आपण लिहिलं, आणि अडवलं तिला."

जयदीपने गाडी बाहेर काढली. मग तो एवढंच म्हणाला, "घरी माझ्या आईला काय सांगायचं?"

"मी सांगते त्यांना. यापुढे नागपूरचा फोन मी उचलणार. आणि मी घरात नसताना आलाच, तर म्हणावं, स्वप्नाली इथेच राहते, जरा बाहेर गेलीय."