अर्ध्या फेऱ्यावर अडलेली पेटी

आत्याचं एक ठाम मत होतं: गिअरबॉक्सवर हातोडा उगारणारा माणूस घरातही तसाच वागत असणार. म्हणून तिच्या कामाच्या टेबलावर पाने होते, पकडी होत्या, पितळी सळ्या होत्या, पण हातोडा नव्हता. त्या दिवशी भाचीने टेबलाभोवती इतक्या चकरा मारल्या की दुसरं कुणी असतं तर शेजारच्या गॅरेजमधून हातोडा मागून आणला असता. भाची गेली नाही. आत्याच्या हाताखाली बारा वर्षं काढल्यावर तेवढी अक्कल येतेच.

टेबलाच्या मधोमध पाडलेल्या भोकात ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इथल्या भाषेत ‘पेटी’, मागचं टोक खाली करून उभी होती. साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीची. आतले ड्रम, गिअर आणि नव्या क्लच प्लेटा एकावर एक रचत काम वरपर्यंत आलं होतं. सर्वांत वर तेलाचा पंप, आणि तो धरून ठेवणारे आठ बोल्ट. हे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जायचं आणि मधला शाफ्ट हाताने फिरवून बघत राहायचं, एवढीच रीत. शाफ्ट शेवटपर्यंत फिरला पाहिजे. इथे तो छान फिरत होता, आणि बोल्टांचा शेवटचा अर्धा फेरा उरला की गच्च. जरा सैल केलं की पुन्हा फिरायला तयार.

पेटी आत्याने स्वतः रचली होती. ती अडल्यावर भाचीने दोनदा खोलून, एकेक भाग मोजून पुन्हा रचली. दोन्ही वेळा तेच. खरं सांगायचं तर मोजताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चूक सापडावी असं वाटत होतं आणि ती आत्याची निघू नये असंही वाटत होतं.

त्याला कारण होतं. सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता आत्या म्हणाली होती, “ही पेटी जुळली तर पुढची घेईन. नाही जुळली तर हत्यारं तुझी. मी घरी बसून टीव्ही बघते.” म्हणाली ती अगदी सहज, पण आत्याने सहज म्हटलेलं आजवर कधी फिरवलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी भाचीने पाहिलं होतं. शेगडीवर तापवलेलं बेअरिंग आत्याने नुसत्या बोटांनी उचललं आणि शांतपणे जागेवर नेऊन ठेवलं. संध्याकाळी आत्याच्या बोटांवर फोड आले तेव्हा ती म्हणाली, “हात राकट झालेत गं, दुसरं काय.” राकट कसले? कित्येक वर्षांच्या साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर झाली होती. तिच्या साखरेच्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं, तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि भाचीने आपल्याला कळलंय हे कळू दिलं नव्हतं. एकाच टेबलाशी बसून दोघी एकमेकींना ताकास तूर लागू देत नव्हत्या.

त्या बोटांची कथा तरी काय सांगावी! एकोणीस वर्षांची आत्या भावाचा जेवणाचा डबा घेऊन या वर्कशॉपमध्ये आली होती. भाऊ घामाघूम होऊन एका गिअरबॉक्सच्या फटीत पडलेली पोलादी गोळी शोधत होता. डबा खाली ठेवून तिने आपला बारीक हात आत घातला आणि गोळी काढून दिली. वर म्हणाली, “आत अजून एक जागा खरखरीत लागतेय, ती कशाची?” भावाने बघितलं, तर तिथे चीर गेलेली. डबा तसाच राहिला, आणि आत्याही राहिली, एकोणपन्नास वर्षं. भाऊ गेला, गिऱ्हाईकं बदलली, तरी लांबलांबून जुन्या मोटारींच्या पेट्या तिच्या टेबलावर येत राहिल्या. भाची कॉलेजात यंत्रं शिकून आली. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारी साधनं तिने आणली. आत्या तिला ‘मोजपट्टीबाई’ म्हणायची आणि साधन काय सांगतं ते आधीच बोटाने सांगून टाकायची. भाचीला याचं हसू यायचं नाही, धाक वाटायचा. बोटाला इतकं कळू शकतं, हे तिला बारा वर्षांत पुरतं पचलं नव्हतं.

मोटारीचे मालक दातांचे निवृत्त डॉक्टर होते. वडिलांची गाडी म्हणून जीव अडकलेला, त्यामुळे ते रोज येऊन स्टुलावर बसायचे.

“आम्ही कवळी घट्ट झाली की थोडी घासतो,” ते भीत भीत म्हणाले.

“कवळी नवी करता येते, डॉक्टर. हा ड्रम आता कुणी करत नाही,” आत्या म्हणाली.

भाचीने टेबलावर तार ठेवली. ही इथली जुनी शिस्त. पेटी खोलताना दोन भागांमधला जो वायसर निघेल तो निघेल त्या क्रमाने तांब्याच्या तारेत ओवायचा. नवे वायसर तार बघून बसवायचे, म्हणजे एकही राहत नाही आणि एकही जास्त होत नाही. तारेवर सात होते. आत नवे सात होते.

“नवे जरा जाड आहेत,” भाची म्हणाली, “पण पुस्तकात दिलेत तेवढेच. जुने झिजलेत म्हणून पातळ. प्लेटा पूर्ण खाली बसल्यात. पंपाखालचं गॅस्केट बरोबर आहे. हिशोबाने आत हलायला थोडी ढील राहायला हवी, आणि ती नाहीये. आत्या, मी हात टेकले.”

आत्याने तार उचलून डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाली, “तारेवर तेवढंच येतं जे निघतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे खोल. पुढचा ड्रम दे मला.”

भाचीने पंप उतरवून ड्रम तिच्या हातात दिला. आत्याने तो कापडाने लख्ख पुसला, उलटा केला आणि दोन्ही तळव्यांत धरून तोंडापाशी नेला. वरचा ओठ तिने मधल्या भोकाच्या काठावर टेकवला आणि ड्रम हळूहळू फिरवू लागली. डोळे मिटलेले. डॉक्टर स्टुलावरून अर्धे उठले.

भाचीला एकदम सगळं उलगडलं. गेले कित्येक महिने ती बघत होती, आत्या प्रत्येक भाग तोंडापाशी नेते. तिला वाटायचं, धूळ फुंकतेय. बोटांनी साथ सोडल्यावर ही बाई कुणाजवळ अवाक्षर न काढता ओठाला काम शिकवत होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यापासून!

“इथे काठाला धार आहे,” आत्या म्हणाली. “या ड्रमचा काठ कारखान्यातूनच तिरका घासून बोथट केलेला असतो. मी असे कितीतरी हाताळलेत. धार असायचं कारण नाही.”

“मी तिथून बोट फिरवलं होतं. धार लागलीही होती.”

“तुला ती असायला नको हे माहीत नव्हतं. ते तुझ्या मोजपट्टीत नाही.”

भाचीने थिनर ओतलं. दहा मिनिटांनी पितळी सळीचं टोक त्या काठाखाली घातलं, तर ड्रमच्या तळापासून एक पोलादी चकती अलगद सुटून आली. कधीतरी कुणीतरी पेटीची झीज भरून काढायला ती वायसरखाली घातली होती. वर्षानुवर्षांच्या जळक्या तेलाने ती तळाला अशी चिकटली की रॉकेलच्या धुण्यातही हलली नाही, आणि तळाचाच भाग वाटू लागली. झिजलेल्या वायसरांबरोबर तिचं जमत होतं. नवे पूर्ण जाडीचे आल्यावर तिला जागाच उरली नाही.

“हुशार होता तो माणूस,” आत्या चकतीकडे कौतुकाने बघत म्हणाली. “ड्रमला कानस नाही लावली त्याने.”

पेटी चौथ्यांदा रचली गेली. भाचीने बोल्ट आवळत आणले. शेवटचा अर्धा फेरा आला आणि गेला. तिने गेज लावून ढील मोजली, ती पुस्तकात दिलेल्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये निघाली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायला विसरले.

“आत्या, तू फिरव,” भाची म्हणाली.

आत्याने शाफ्ट धरला आणि फिरवला. आठ बोल्ट पूर्ण आवळलेले असताना तो फिरला. तिने तो पुन्हा फिरवला, मग उलटा, मग परत सुलटा, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. तिचा चेहरा मात्र कोराच होता. शेवटी तिने हात काढून घेतला.

“तू धर.”

भाचीने धरला.

“आता सांग, कसा फिरतोय.”

“मस्त फिरतोय की. दिसतंय ना तुला.”

“फिरतोय ते दिसतंय गं. कसा फिरतोय ते विचारतेय.”

आजवर या टेबलावर जे जाणवायचं ते आत्या सांगायची आणि बाकीचे ऐकायचे. तिने डोळे मिटले आणि शाफ्ट अगदी सावकाश फिरवला.

“सुरुवातीला जराशी ओढ लागते,” ती म्हणाली. “ओल्या प्लेटांची असावी. मग सुटतो. जड आहे, पण सगळीकडे सारखा जड. कुठे टोचत नाही. थांबवला की थांबतो, मागे उसळत नाही.”

“खालून काही खरखर?”

“नाही.”

“नीट बघ. घाई करू नको.”

भाचीने पूर्ण एक फेरा घेतला. “नाही, आत्या. काहीच नाही.”

आत्याने मान हलवली. आपली फोड सुकलेली बोटं तिने कापडाला पुसली. मग आयुष्यात कुणापुढे शब्द न टाकलेली ती बाई, टेबलाकडे बघत, हळूच म्हणाली, “पुढच्या पेटीला पण असंच सांगशील मला?”