हळदीची बोट आणि पोकळ लाद्या

"शेठ, मशीन बंद करतोय," मी फोनवर सांगितलं.

"बंद? अरे भाई, आज? वारा पडला आहे. आज तर सगळा बंदर तुमच्या दारात येल!"

"म्हणूनच फोन केला."

तोंडाला ओला पंचा बांधून मी उभा होतो आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. अमोनियाच्या वासाला नुसता वास म्हणत नाहीत, तो थोबाडीत मारतो. कंप्रेसरचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे अमोनिया अडवायला एक सील असतं. ते गेलं होतं. सील गेलं की ऑपरेटरने शेठशी वाद घालायचा नसतो, व्हॉल्व्ह बंद करायचे असतात. मी आधी व्हॉल्व्ह बंद केले होते, मग फोन.

"दुसरा कंप्रेसर?" शेठने विचारलं.

"तो उघडून ठेवलाय. तुम्हीच म्हणालात, थंडीत गिऱ्हाईक कमी, ओव्हरहॉलिंग उरकून घ्या."

मग ते म्हणाले, "वापीला माणूस पाठवतो. सील उद्या दुपारपर्यंत येल."

ही २०१६ सालच्या थंडीतली गोष्ट. डहाणूच्या खाडीलगत आमची बर्फ फॅक्टरी होती आणि मी तिथे प्लॅन्ट ऑपरेटर. गाव माझं झरी, तलासरी तालुक्यातलं. आयटीआय करून या फॅक्टरीत चिकटलो तो केस पिकेपर्यंत. गावाकडचे लोक मला विचारायचे, "थंडीत बर्फ कोण घेतो रे?" आता त्यांना काय सांगणार? पापलेटाला हिवाळा-उन्हाळा कळत नाही. जाळ्यातून वर आलं की त्याला बर्फच लागतो. दोन दिवस बर्फाविना राहिलं तर ते असं मऊ पडतं की बोट लावलं तर खळगा तसाच राहतो.

बर्फ कसा होतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची भानगड समजेल. जमिनीत एक मोठी टाकी असते. तिच्यात कडक मिठाचं पाणी, त्याला ब्राइन म्हणतात. मिठामुळे ते शून्याखाली गेलं तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले उंच लोखंडी डबे रांगेने सोडायचे. कंप्रेसर ब्राइनला थंड ठेवतो, ब्राइन डब्यांना. डब्यातलं पाणी कडेकडून गोठत आत जातं आणि अगदी मधला गाभा सगळ्यात शेवटी धरतो. पूर्ण धरला की लादी तयार. आधीच बाहेर काढली तर आत पाणी. ते ओतून दिलं की उरते पोकळ लादी, नुसतं कवच. ती पातळ, लवकर फुटते, लवकर वितळते.

त्या सकाळी टाकीतल्या सगळ्या लाद्या अशाच अर्धवट होत्या.

त्याआधी बरेच दिवस उत्तरेचा वारा सुटला होता. समुद्र नुसता खवळलेला, बोटी खाडीत नांगरून पडलेल्या. तयार बर्फ उगाच कशाला साठवायचा, म्हणून आम्हीही डबे उशिरा भरले होते. आणि आता वारा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला सगळ्यांना निघायचं होतं. चहाच्या वेळेपर्यंत फॅक्टरीच्या फाटकात गर्दी झाली. गोंगाट तर विचारू नका.

सगळ्यात पुढे दामू तांडेल, स्वतःच्या बोटीचा कप्तान. साठीला आलेला, आवाज असा की खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला शिवी देता यावी. त्याच्या मुलीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरलं होतं, मुलगा चिखले गावचा. हळद चार दिवसांवर.

"मिस्त्री, मला लादी आधी. हळदीला पापलेट पायजे."

"दामूभाऊ, पोकळ आहेत सगळ्या. मशीन बंद पडली."

"पोकळ? लग्नाच्या बोटीत पोकळ लादी चढवू? नाय बाबा. तसा बर्फ नाय न्यायचा."

आमच्या बंदरावर पोकळ लादीचं हे एक होतंच. तिला कुणी हात लावत नसे. पोकळ लादी बोटीच्या खणात, मासळीच्या कप्प्यात, ठेवली की जाळंही पोकळच येतं म्हणायचे. एरवी मी त्यांची थट्टा करायचो, पण लग्नघरातल्या माणसाची थट्टा कशी करणार?

"मग बाजारातून पापलेट घ्या हळदीला," मी म्हणालो. म्हणालो आणि लगेच कळलं की नको होतं म्हणायला.

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. सुनंदावहिनी मागेच उभ्या होत्या, हातात पत्रिकांची पिशवी. "मिस्त्री, दारात बोट असताना हळदीला विकतचं पापलेट? आमच्यात हळदीला घरच्या बोटीतूनच मासळी उतरते. माझ्या हळदीला उतरली, माझ्या सासूच्या हळदीला उतरली. पोरीच्या हळदीला बाजारातलं वाढलं तर लोक पानावर काय बोलनार नाय, घरी जाऊन बोलतील. आनि पोरीला तिकडे आयुष्यभर ऐकावं लागंल."

दामू दुसरीकडे बघायला लागला. मला फार वाईट वाटलं.

मी आत जाऊन ब्राइनचं थर्मामीटर बघितलं. मशीन बंद असली तरी एवढी मोठी टाकी लगेच गरम होत नाही. थंडी शिल्लक होती, पण सगळे डबे मिळून ती ओढत होते. अशाने उद्या सकाळपर्यंत सगळ्या लाद्या थोड्या थोड्या जाड झाल्या असत्या आणि एकही पूर्ण धरली नसती. उलट बाकीचे डबे आत्ताच बाहेर काढले आणि एकच रांग टाकीत ठेवली, तर उरलेली सगळी थंडी त्या एका रांगेला मिळाली असती. ती रांग सकाळपर्यंत पक्की झाली असती. पक्क्या लाद्या एका बोटीपुरत्या. बाकीच्यांना कवचं.

मी बाहेर येऊन हे सगळ्यांना सांगितलं. शेठलाही फोनवर सांगितलं.

"मिस्त्री, एकालाच कसं देणार?" शेठ म्हणाले. "बाकीचे पण आपलेच गिऱ्हाईक. सरखं वाटा. सगळ्यांना थोडं थोडं."

"शेठ, थंडी सारखी वाटली तर कुणालाच पक्की लादी मिळणार नाही."

"ते तुम्ही बघो. भांडण नको."

भांडण नको म्हणणं सोपं होतं, ते वलसाडला बसले होते. इथे फाटकात सगळे बर्फासाठी खोळंबले होते. प्रत्येकाची बोट इतके दिवस बसून होती, प्रत्येकाच्या घरी माणसं होती. मी तरी कुणाला कुठल्या तोंडाने सांगणार, की तू पोकळ ने?

तेवढ्यात मागून हरेश, दुसऱ्या एका बोटीचा तांडेल, पुढे आला. हरेश आणि दामू यांचं बोलणं बंद होतं. आदल्या मोसमात समुद्रात दोघांची जाळी एकमेकांत अडकली होती. सोडवताना हरेशने दामूचं जाळं कापलं, की दामूने हरेशचं, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर अवलंबून. तेव्हापासून दोघे एकाच टपरीवर पाठीला पाठ लावून चहा प्यायचे.

"माझ्या लाद्या काढा मिस्त्री," हरेश म्हणाला. "पोकळच द्या."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"काय बघता? माझं बोलनं नाय त्याच्याशी, खरं हाय. पोरीशी काय भांडण हाय माझं?"

मग दुसरा पुढे आला, तिसरा आला. आम्ही डबे उचलायचा होइस्ट लावला. डबे वर येत होते, तिरके होत होते, गाभ्यातलं पाणी भसाभस ओतलं जात होतं आणि कवचं टेम्पोत चढत होती. लोक आपसांत कुरकुरत होते, शिव्याही देत होते, पण नेत होते. सुनंदावहिनी पदराने डोळे पुसत फाटकाशी उभ्या होत्या. दामूने मात्र हरेशकडे एकदाही बघितलं नाही. माणूस अडेलतट्टू म्हणजे किती असावा!

सकाळी शेवटची रांग काढली. मी लादीवर हुक मारला, टणक आवाज आला. उन्हात आडवी पाडून बघितली, गाभ्यापर्यंत पक्की. त्या लाद्या दामूच्या खणात गेल्या आणि सगळ्या बोटी एकामागून एक खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्या.

सील आलं, बसवलं, मशीन चालू झाली. पण माझं लक्ष खाडीकडे होतं. हळदीच्या दिवशी सकाळी दामूची बोट आत आली तेव्हा मी काम सोडून बंदरावर गेलो. खण उघडला तर आत बर्फात पापलेटच पापलेट, वरपर्यंत. चांदीसारखी, ताठ. वहिनींनी दोन्ही हात जोडले.

"दामूभाऊ, जाळं भरलं की!" मी म्हणालो.

"माझं कुठं?" दामू खाली बघत म्हणाला. "मला टोपलीभर पन नाय लागली. ही सगळ्यांची हायेत."

झालं होतं असं. समुद्रात दुसऱ्या दिवशीच बाकीच्यांची कवचं वितळायला लागली. पापलेट मात्र त्यांच्याच जाळ्यात लागत होतं. मासळी ठेवायची कुठे? सगळ्यात आधी हरेशची बोट दामूच्या बोटीला येऊन लागली. वर्षभरानंतर त्या दोघांचं पहिलं बोलणं असं झालं:

"बर्फ हाय?"

"हाय. टाक."

मग बाकीच्या बोटीही आल्या. सगळ्यांचं पापलेट दामूच्या खणात गेलं. बंदरावर दामू ज्याचं त्याला परत द्यायला लागला, तर कुणी घेईना. हळदीपुरतं आधी काढा म्हणाले, उरलं तर बघू.

"पण घरच्या बोटीचं हवं होतं ना?" मी वहिनींना हळूच विचारलं.

"मग उतरलं कुठून?" त्या म्हणाल्या. "माझ्या बोटीतूनच ना?"

त्या संध्याकाळी मीही मांडवात जेवलो. शेजारी हरेश बसला होता आणि दामू स्वतः त्याच्या पानात वाढत होता. नको नको म्हणेपर्यंत वाढत होता.

ती फॅक्टरी पुढे बंद झाली. २०१९ साली मी निवृत्त झालो तेव्हा टाकी कोरडी पडली होती. आता बोटींना चुऱ्याचा बर्फ दुसरीकडून येतो. चांगला असतो. तरी कधी बंदरावर गेलो की गाभ्यापर्यंत पक्की लादी बघावीशी वाटते, आणि ती माणसंही.

एवढी वर्षं मशीनवर काढून मला धंद्यातली एकच गोष्ट नीट कळली. थंडी थोडीच उरली असेल, तर ती वाटत बसू नये. एका ठिकाणी पक्की ठेवावी. बाकीचे आपली मासळी घेऊन तिथे येतात.