आठ किलोमीटरची शाळा

आखातात मुलं वाढवायची तर मराठी बापाच्या हाताशी एखादी हालअपेष्टांची गोष्ट असावी लागते. माझ्याकडे सायकलची होती. शाळेच्या बसमधला एसी नीट चालत नाही अशी तक्रार मुलीने केली की मी सुरू व्हायचो. आठ किलोमीटर. रोज. जाऊन-येऊन सोळा. मोठी दांडीवाली सायकल, पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं. वाटेत नदीवरचा बंधारा, त्याला कठडा नाही. जुलैत त्यावरून पाणी वाहायचं, तेव्हा दप्तर डोक्यावर बांधून सायकल ढकलत न्यायची. उसाच्या वजनकाट्यापाशी एक काळा कुत्रा पायाला लागायचा. चेन पडायची, ती बसवताना हात काळे व्हायचे आणि शाळेत बाई त्याच हातांवर छडी मारायच्या, हात काळे का म्हणून.

"कुत्रा तांबडा होता," आतून बायको म्हणायची.

मुलगी म्हणायची, "ओके बाबा, सॉरी," आणि गुपचूप बसमध्ये जाऊन बसायची. गोष्टीचा असा हमखास परिणाम व्हायचा. गणितात मार्क कमी पडले, सायकल. पनीर नको म्हणाली, सायकल. नवा फोन हवा झाला, सायकल आणि वर बंधाऱ्याचं पाणी एक वीतभर वाढवून.

या गोष्टीत (पाण्याची ती वीत सोडली तर) एक शब्द खोटा नव्हता. फक्त ती माझी नव्हती. माझी शाळा आमच्या परसाच्या भिंतीला लागून होती. पहिली घंटा ऐकून मी आंघोळीला जायचो. सायकल तर मला येतच नव्हती. सातवीत एकदा भावाची सायकल घेऊन गटारात गेलो आणि त्यानंतर जिथे गेलो तिथे कॅरिअरवर बसून गेलो. गोष्ट कुणाची, हे सांगायची मला आजही लाज वाटते, म्हणून थोडं पुढे सांगतो.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही तिघं दुबईच्या करामा भागात थाळी खायला गेलो. मुलगी आता दुबईत नोकरी करते, त्यामुळे भेट तिच्या पगारातून होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. स्पेनमध्ये एब्रो नावाची नदी, तिच्या काठावर तोर्तोसा नावाचं जुनं गाव, वर किल्ला, खाली कॅथेड्रल. आणि त्या गावाकडे उतरणारा एक बंद पडलेला रेल्वेमार्ग, ज्यावरचे रूळ काढून सायकलींसाठी वाट केलेली.

"टोटली ट्रॅफिक-फ्री, बाबा. नो कार्स. तीन दिवस. जस्ट लाइक युअर स्कूल डेज."

"आणि तुझी आई?" मी घाईने विचारलं. मला वाटलं, इथून सुटका होईल.

"सामानासाठी व्हॅन असते. आई कॅन सिट विथ द बॅग्ज."

बायकोने पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला आणि "बरं" एवढंच म्हणाली. मी श्रीखंडाला हातच लावला नाही. माझ्या नोकरीचं, माझ्या इंग्रजीचं, माझ्या गाडी चालवण्याचं मुलीला काडीचं कौतुक नव्हतं. कौतुक एकाच गोष्टीचं होतं, आणि ती आता तीन दिवस, तिच्या डोळ्यांदेखत, सिद्ध करून दाखवायची होती.

अमिरातीत सायकल चालवणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्याकडे गाडी नाही. दोन, ज्यांच्याकडे सायकल नेण्याएवढी मोठी गाडी आहे. आम्ही राहतो त्या अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर सगळे दुसऱ्या प्रकारचे. पहाटे चारला उठतात, सायकल गाडीवर चढवतात, पन्नास किलोमीटर दूर वाळवंटातल्या ट्रॅकवर नेतात, तिथे गोल गोल फिरवतात आणि पुन्हा गाडीवर चढवून घरी आणतात. मग ग्रुपवर घामाचा फोटो. या मंडळींनी मला मोठ्या प्रेमाने बोलावलं होतं. शिकवणी तिथे लावली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती अख्ख्या ग्रुपला कळली असती.

म्हणून मी पहिल्या प्रकाराकडे गेलो. माझी कंपनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आहे. तिथले आमचे स्टोअरकीपर श्रीवर्धनकडचे, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. गेली तीस वर्षं ते राहत्या खोलीपासून गोदामापर्यंत सायकलवर येतात, हँडलला डबा आणि मागे खुबूस रोट्यांची पिशवी. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. घरात ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सोडून.

"मुलीला सांगा ना सर, येत नाय म्हणून," चाचा म्हणाले.

"आता फार उशीर झाला, चाचा."

"मग यल्ला, बसा."

दोन महिने मी बायकोला रविवारी इन्व्हेंटरी आहे असं सांगून सकाळी सव्वा तास गाडी हाणत तिथे जात होतो. गोदामामागचा रस्ता सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो. चाचा मागून सीट धरून चालायचे आणि सांगायचे, "समोर बघा सर. चाकाकडे नको. चाक कुठे पळून जात नाय." समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारे लोक मोठ्या आस्थेने बघायचे. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला साहेब आठवड्यामागून आठवडे त्याच खांबाला जाऊन धडकतो, ही त्यांची रविवारची करमणूक झाली होती. शेवटी मला सरळ जाता येऊ लागलं. वळता येत नव्हतं, आणि थांबण्यासाठी झाड किंवा भिंत लागायची.

"स्पेनला वळायचं आहे काय?" चाचांनी विचारलं.

"रेल्वेचा रस्ता आहे. सरळच असणार."

"मग खलास. इन्शाल्ला पोचाल."

बायकोने बॅगेत दशम्या आणि लसणीची चटणी भरली. मी गादीवाल्या चड्ड्या भरल्या. विमानात मुलीने शेजारच्या प्रवाशाला माझी ओळख करून दिली की हे लहानपणी रोज सोळा किलोमीटर सायकल चालवायचे. मी नम्रपणे खिडकीबाहेर बघत राहिलो.

पहिला दिवस निभावला. व्हॅनने आम्हा दोघांना नदीच्या वरच्या अंगाला एका ओसाड स्टेशनावर सोडलं आणि तिथून सगळा उतार. बोगद्यात शिरलं की दिवे आपोआप लागायचे. एका बाजूला ऑलिव्हची झाडं, खाली हिरवट, संथ नदी. माझ्या आईच्या वयाच्या स्पॅनिश बायका भाजीच्या पिशव्या घेऊन मला मागे टाकून जात होत्या आणि जाताना हसून काहीतरी म्हणत होत्या. ते काय होतं हे भाषा येत नसूनही मला समजलं. "दमला नाहीत ना, बाबा?" असं मुलगी इंग्रजीत विचारायची, आणि मी म्हणायचो, "निसर्ग बघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वाटेवर औषधालाही वाहन नव्हतं, तिथे माझा अपघात झाला. गाड्या आत शिरू नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी मधोमध लाकडी खांब रोवलेले असतात. गाड्या त्यांना घाबरून आत येत नाहीत. मी त्यांच्यापैकी एकाला सरळ जाऊन धडकलो.

मनगट सुजलं. व्हॅन तिथे जवळच, पुढच्या स्टेशनाच्या आवारात थांबलेली होती. बायको धावत आली, मनगट दाबून बघितलं, ओढणीने बांधलं. मुलगी सायकलीकडे बघत उभी होती. "बाबा, यू नेव्हर टच्ड द ब्रेक. यू डिडन्ट ईव्हन ट्राय टु टर्न." तिच्या आवाजात राग नव्हता. ती हिशेब जुळवत होती.

चेन पडली होती. बायकोने सायकल उलटी केली, दोन बोटांनी चेन दातऱ्यावर चढवली, पेडल एकदा फिरवून बघितलं आणि काळे हात गवताला पुसले. मग सायकल सुलटी करून, पाय टाकून, ती निघाली. समोरच्या बोगद्यापर्यंत गेली. दिवे लागले. तिथल्या तिथे अरुंद वळण घेऊन परत आली आणि आमच्यापुढे, भिंतीबिंतीचा आधार न घेता, थांबली. पंजाबी ड्रेस आणि पायात सपाता.

"आई, तुला येते?" मुलगी मराठीत बोलली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"न यायला काय झालं? आमची शाळा आठ किलोमीटरवर होती."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी त्या खांबाकडे बघितलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कोल्हापूरकडच्या तिच्या माहेरी जाताना बायकोने मला तो बंधारा दाखवला होता आणि ही सगळी गोष्ट सांगितली होती. मी ती तिथून उचलली.

"कुत्रा तांबडा होता," मी म्हणालो. "मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती."

त्यानंतरचे दोन दिवस व्हॅनमध्ये सामानाजवळ मी बसलो. तोर्तोसाला नदीवर रेल्वेचा जुना लाल पूल आहे, त्याच्या टोकाशी शेवटच्या दिवशी दोघींची वाट बघत उभा राहिलो. बायको पुढे होती. मुलगी मागून ओरडत होती, "आई, स्लो डाउन."

त्या संध्याकाळी नदीकाठी मी बायकोला विचारलं, वीस वर्षं गप्प का बसलीस. ती म्हणाली, "गप्प कुठे? मी दोनदा सांगितली होती तिला. तेव्हा ती टॅबमधून डोकं वर काढायची नाही. तुम्ही सांगितलं की ऐकायची. म्हटलं, कुणाच्या का नावाने, पोरीला कळतंय ना." त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावर आम्ही पुन्हा करामात थाळी खायला गेलो. मुलगी म्हणाली, "आई, आता तू सांग. फ्रॉम द बिगिनिंग." बायकोने सांगितली. मी इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट, त्यामुळे मी निवांत जेवत होतो. बंधारा झाला, कुत्रा झाला, छडी झाली. मी पापड मोडला. ती थांबली नाही.

"मग दहावीत सायकल भावाला दिली. त्याचं कॉलेज लांब होतं. वर्षभर चालत गेले."

"आठ किलोमीटर?" मुलीने विचारलं.

"जाऊन-येऊन सोळा."

हे तिने मला तेव्हा सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी तोवर ऐकायचं थांबवलं होतं, हे मला आठवत नाही. बंधाऱ्याजवळ तिने गाडी थांबवायला सांगितली होती आणि आम्ही बराच वेळ तिथे उभे होतो, एवढं मात्र आठवतं.