इथं कोण न्हाई राहत

भोसरीत एमआयडीसीच्या भिंतीला लागून जाईबाईंच्या सात खोल्या आहेत. एका ओळीत, पत्र्याच्या, सगळ्यांना निळी दारं. पहिलीत त्या स्वतः राहतात, आणि नवरा गेल्यापासून सगळं एकट्याच सांभाळतात. बाकीच्यांत चाकणच्या कंपन्यांत जाणारी पोरं राहतात, एकेका खोलीत तिघं-चौघं. मी अंगणवाडीत शिकवते, आणि मतदार यादीचं कामही आमच्याकडेच असतं. दर खेपेला यादी घेऊन मी त्यांच्या दारात जायचे. दारात चपलांची ही रास.

"जाईबाई, खोल्यांत कोण कोण राहतं?"

"कोण न्हाई राहत इथं."

"मग या चपला?"

"उनाला ठेवल्यात."

बाई खोटारडी नव्हे. पूजा झाल्याशिवाय चहा घ्यायची नाही, दारात आलेल्याला उपाशी पाठवायची नाही. मलाही पोहे दिलेच. पण सरकारी कागदावर पोराचं नाव लागलं की खोली पोराच्या नावावर झाली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी किती सांगितलं. त्या हसायच्या आणि पोह्यांवर खोबरं घालायच्या.

पोरांनाही कुठे घाई होती? परभणीकडचा आयुष म्हणाला, "माझं नाव गावाकडं आहे की, मॅडम."

"मग गेल्या वेळी मत द्यायला गेलास?"

"सुट्टी एक दिवसाची, गाव नऊ तासांवर. झोपलो."

काहींचं नाव तर कुठेच नव्हतं. आमच्या यादीत साठीच्या पुढची माणसं पानंच्या पानं, आणि विशीतलं नाव शोधावं लागायचं.

मध्ये दोन वर्षं हे काम दुसऱ्या बाईंकडे होतं. जाईबाईंनी त्यांनाही तेच उत्तर दिलं. त्या बाई सरळ. ऐकलं ते लिहिलं.

यंदा निवडणुकीच्या तोंडावर जाईबाई अंगणवाडीत आल्या. चेहरा पार उतरलेला.

"माझं नाव न्हाई यादीत. पुतण्यानं मोबाइलात तीनदा बघितलं. लगीन होऊन आले तवापासून एक मत चुकवलं न्हाई मी. ताप अंगात असताना गेले. कुणी काढलं माझं नाव?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "इथं कोणी राहत नाही म्हणालात. त्यात तुम्हीही आलात."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मग पोहे कुणी केले व्हते?"

नाव परत घालायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. विजेचं बिल मयत नवऱ्याच्या नावावर, आधारवर दिराच्या घरचा पत्ता. उरलं एकच, मी जाऊन शेजाऱ्यांना विचारायचं. एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला बंद गोदाम. शेजारी म्हणजे ही पोरंच.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारीच गेले. आयुष दारात दात घासत होता. जाईबाईंकडे बोट दाखवून मी विचारलं, "या आजी इथे राहतात का?"

त्याने जाईबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाही मॅडम. इथं कोणी आजी राहत नाही."

आतून त्याच्या खोलीतला प्रीतम म्हणाला, "कुणीतरी उनाला ठेवली असेल."

"मुडद्यांनो," जाईबाई म्हणाल्या, "सकाळी पाणी कुणी सोडलं रं तुमाला?"

"आम्हाला कुठे? आम्ही तरी कुठे राहतो इथं, आजी," आयुष म्हणाला. "तीन वर्षं झाली, राहत नाही."

त्या आत गेल्या आणि देवघरातून तबक घेऊन आल्या. त्यात बेलाचं पान, वर हळदीचा भंडारा.

"उचला बेलभंडार. खोलीवर हक्क सांगणार न्हाई म्हणा. मग मी बाईंना सांगते, राहत्यात म्हणून."

आयुषने तोंड धुऊन उचलला. मागून बाकीचे आले. प्रीतम तेवढा उभा राहिला. "आजी, आम्ही बौद्ध. मी हे घेत नाही."

"मग शपथ कशावर घेतोस?"

"संविधानावर."

"त्यात माझ्या खोलीचं काय लिवलंय?"

"खोलीचं नाही. मताचं लिहिलंय."

जाईबाईंनी जरा विचार केला. "मताचं त्यावर घे. खोलीचं माझ्या डोळ्यात बघून सांग."

त्याने सांगितलं. त्या दिवशी मी चोवीस अर्ज भरले. पहिला जाईबाईंचा. नावं लागली सगळ्यांची.

पण नाव लागणं वेगळं आणि सुट्टीच्या दिवशी पोरं उठणं वेगळं. मतदानाच्या सकाळी माऊलींना हात जोडून मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसले. दहा वाजले तरी निळ्या दारांतलं कोणी नाही. अकराला जाईबाई दिसल्या. पुढे आठ पोरं, केस विस्कटलेले, एकाच्या गालावर उशीचा वळ, आणि मागे त्या.

"बाकीचे?" मी विचारलं.

"सहा जण पहाटंच लोणावळ्याला पळाले. बाकीचे मेल्यागत झोपल्यात. ह्यांचं उरकलं की दुसरी खेप करते."

दारावरच्या पोलिसाने त्यांना हाक मारली. "आजी, म्हाताऱ्या माणसांना रांग नाही. तुम्ही सरळ आत जा."

"नगं बाबा," जाईबाई म्हणाल्या. "मी म्होरं गेले की ही मागनं पळत्यात."

आयुषने कुठूनशी खुर्ची आणली. त्यांनी ती ओढत रांगेच्या शेवटाला नेली आणि आठही पाठी नीट दिसतील अशी मांडून बसल्या.